झेपेल की नाही

काच तिच्या डोळ्यांसमोरून गेली तेव्हा ती श्वास रोखून बसली होती. संगणकाच्या पडद्यावर गुलाबी-निळसर पेशींची नेहमीची गर्दी पसरलेली होती, आणि त्या गर्दीच्या डाव्या कडेला एक लहानसा घोळका एकमेकींना बिलगून उभा असल्यासारखा दिसत होता. त्यांची केंद्रकं मोठी होती, जराशी काळपट, कडा कुठे सरळ तर कुठे वेड्यावाकड्या. वाईट म्हणावं तर पुरावा नव्हता, आणि चांगलं म्हणायला जीभ रेटत नव्हती. ती पुढे झुकली, चित्र आणखी मोठं केलं, आणि काहीतरी उमगायच्या बेतात असताना पडदा पांढरा झाला. त्या पांढऱ्यावर मऊ निळी अक्षरं उमटली: आपल्यावरचा ताण वाढला आहे. ही काच दुसरीकडे दिली आहे. थोडा वेळ शांत बसा. अक्षरं विरली आणि त्यांच्या जागी एक तळं आलं. तळ्यावर वारा होता, काठाला गवत होतं, कुणाचं तळं ते देव जाणे. भरल्या ताटावरून उठवावं आणि वर म्हणावं, तुमच्याच पोटाची काळजी केली, तसं तिला झालं. हातातला माउस तिने खाली ठेवला.

खोलीत सगळे स्लाइडला काचच म्हणत. गावोगावच्या दवाखान्यांतून बायकांच्या तपासणीच्या काचा इथे यायच्या, तळघरात यंत्रातून त्यांची चित्रं काढली जायची, आणि ती चित्रं वरच्या मजल्यावरच्या या लांबोळक्या खोलीत पडद्यांवर उघडायची. कर्करोगाची चाहूल कुठे आहे का ते बघायचं, एवढंच काम. एवढंच म्हणजे, आयुष्य त्यात गेलं होतं तिचं. पूर्वी सूक्ष्मदर्शकावर मान मोडायची, आता पडद्यावर डोळे मोडतात, असं ती गमतीने म्हणायची. पट्टा मात्र अलीकडे आला होता. राखाडी, मऊ, कपाळावरून कानांमागे जाणारा, आत मसुरीएवढे गार मणी. डोक्यावर किती भार आहे ते त्या मण्यांना कळायचं म्हणे. पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका असायचा: हिरवा असला की काचा भराभर यायच्या, केशरी झाला की सोप्या सोप्या यायच्या, आणि लाल झाला की समोरची काच उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी हिरव्या डोक्याकडे जायची. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरची चिमणी म्हणाली होती की इतकी काळजी तर आईनेही केली नाही, माय मरो पण मावशी जगो म्हणतात ती हीच. चिमणी म्हणजे सतत चिवचिवणारी, मनाने चांगली, कामाला चलाख. तेव्हापासून पट्ट्याचं नाव मावशी पडलं. पट्टे बसवायला आलेल्या, कपाळावरचे केस मागे सरकलेल्या इंजिनिअरला अर्थातच पट्टेवाला म्हणायला लागले. त्याला ते कळलं तेव्हा तोही हसला.

आता चिमणी खुर्ची फिरवून तिच्याकडे बघत होती. ताई, दमलीस म्हणे तू, तुझी काच माझ्या गळ्यात पडली. तिने विचारलं, काय दिसलं? चिमणी म्हणाली, काही नाही गं, सूज आहे झालं, सोडून दिली. आणि ती पुढच्या काचेकडे वळलीसुद्धा. सोडून दिली. चिमणीचं चुकलं असं तिला वाटलं नाही, चिमणीचा डोळा चांगला होता. पण तो घोळका तिच्या पापण्यांच्या आत तसाच राहिला, अर्धवट उच्चारलेल्या शब्दासारखा. ती दमलेली नव्हती. दमणं तिला ठाऊक होतं. दमलं की पेशी सगळ्या सारख्या दिसायला लागतात, डोळा त्यांच्यावरून घसरतो, काही खुपत नाही. इथे तर खुपत होतं. खुपत होतं म्हणून ती थांबली होती, आणि थांबली होती नेमकी तिथूनच तिला उठवलं होतं.

तिचा एक नेम होता, तो कुणाला फारसा माहीत नव्हता. पहाटे उठल्यावर नाम घेऊन होईपर्यंत ती कुणाशी बोलत नसे, आणि मग दिवसभर ते आत चालू राही. रस्त्यात, जिन्यात, काचा बघताना, भांडी घासताना, नळ थेंब थेंब गळत राहावा तसं. त्याचं तिला कौतुक नव्हतं, श्वासाचं कौतुक कोण करतं. मावशी आल्यावर तिचा ठिपका कायम हिरवा असायचा, आणि चिमणी म्हणायची, तुझी मावशी सदानकदा झोपलेलीच कशी गं. पण अवघड काच आली की तिचं नाम आपोआप थांबायचं. हे तिने फार वर्षांपूर्वीच पाहून ठेवलं होतं आणि मनाला लावून घेतलं होतं. इतक्या वर्षांची साधना, आणि एक कठीण पेशी समोर आली की नाम पळून जातं, म्हणजे कसली साधना. संध्याकाळी दिव्यासमोर ती त्याची क्षमाही मागायची. आता तळ्याकडे बघत असताना तिला पहिल्यांदा वाटलं की नाम थांबायचं त्या क्षणी आत दुसरं काहीच नसायचं. ती नसायची, घर नसायचं, फक्त ते बघणं असायचं. मग थांबलेलं ते काय होतं? आणि तोच क्षण मण्यांनी टिपला आणि त्याला नाव दिलं, ताण.

ताण नको तिला. हे शब्द तिने कुठे ऐकले होते ते तिला आठवावं लागलं नाही, ते तिच्या अंगात होते. परगावी वसतिगृहात राहून शेवटच्या वर्षाची परीक्षा देत होती तेव्हा वडील आजारी पडले, आणि घरातल्या मोठ्यांनी मिळून ठरवलं की तिला कळवायचं नाही. परीक्षा आहे, ताण नको. पेपर संपले, शिष्यवृत्तीच्या पैशांतून वडिलांसाठी निळ्या रेघांचा शर्ट घेऊन ती घरी आली, तर पुढच्या खोलीतली त्यांची खुर्ची खिडकीपासून हलवून भिंतीला लावलेली. तेवढ्यावरून तिला कळलं. शर्टाची पिशवी तिच्या हातात होती आणि सगळेजण तिला एकच सांगत होते, तुझ्यासाठीच केलं गं पोरी. तेव्हा रागावताही आलं नाही, कारण रागवायचं तर प्रेमावर रागवायचं, ते कसं करायचं असतं हे कुणी शिकवलेलं नसतं. पुढे तिने मनाशी हिशेब जुळवला, वडील गेले त्या दुपारी आपण काय करत होतो त्याचा. ती एका मैत्रिणीबरोबर पायरीवर बसून आइस्क्रीम खात होती आणि कुठल्याशा शिक्षकाची नक्कल बघून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. ते हसणं तिच्या आयुष्यात अजून तसंच होतं, कुणीतरी तिच्या नावावर खोटं लिहून ठेवल्यासारखं. दुःख झेपलं असतं की नाही कोण जाणे, पण ते तिचं होतं. तिच्याकडून ते काढून घेतलं आणि बदल्यात एक खोटी दुपार दिली.

रात्री जेवताना तिचं लक्ष नव्हतं. आई म्हणाली, घास तोंडात आहे का डोक्यात? ती हसली. आई तिच्याजवळच राहायची, औषधांच्या डबीसकट आणि स्वभावासकट. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा मामा, लांबच्या शहरात मुलाकडे असायचा. तो मागच्या महिन्यात गेला. आईचं हृदय नाजूक, डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं, तेव्हा दादाने, तिच्या थोरल्या भावाने, फोनवर ठरवून टाकलं होतं की आईला इतक्यात सांगायचं नाही, तिला झेपणार नाही. ती हो म्हणाली होती. हो म्हणताना तिला काही खुपलं नव्हतं, इतकं ते सोपं होतं. आई मधूनच म्हणायची, धाकट्याचा फोन नाही बऱ्याच दिवसांत, आणि ती म्हणायची, त्याच्या कानाचं यंत्र बिघडलंय. त्या रात्रीही आईने ते म्हटलं आणि तिने तेच उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने एक गोष्ट करून पाहिली, आणि ती करताना आपण काय करतो आहोत ते तिला पुरतं कळत होतं. काच अवघड दिसली की नाम सुटू द्यायचं नाही. घट्ट धरून ठेवायचं, आतल्या आत म्हणत राहायचं, श्वास संथ, खांदे सैल. ठिपका हिरवाच राहिला. मावशीला फसवता येतं हे कळल्यावर तिला क्षणभर शाळकरी आनंद झाला. काचा येत गेल्या, ती निकाल देत गेली, काच काही कुणी काढून घेतली नाही. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून सकाळच्या काचा आठवायचा तिने प्रयत्न केला. तिला एकही आठवेना. डोळे फिरले होते, बोटांनी कळा दाबल्या होत्या, पण बघितलं कुणीच नव्हतं. आणि नामाचं तरी काय, तेही तिने घेतलं नव्हतं, पुढे धरलं होतं, कुलपापुढे लावलेल्या पडद्यासारखं. ना धड नाम, ना धड काम. देवाला पहारेकरी करून आपण मागच्या दाराने चोरी करत होतो असं तिला वाटलं, आणि चोरी तरी कसली, आपल्याच घरातली. सुट्टीनंतर तिने सकाळच्या सगळ्या काचा पुन्हा मागवल्या आणि एकेक करून बघितल्या. मोकळ्या मनाने, नाम येईल तर येवो, थांबेल तर थांबो. त्यातली एक खरोखरच पुढे पाठवण्यासारखी निघाली, सकाळी तिनेच तिला चांगली म्हटलं होतं. तिने निकाल बदलला. ठिपका केशरी झाला तेव्हा तिने त्याच्यावर कागदाचा चिटोरा चिकटवला.

मग ती उठून मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. बाई विभागाच्या प्रमुख होत्या, कामात शिस्तीच्या, बोलण्यात सौम्य, आणि तिला ओळखून होत्या. पट्टेवालाही नेमका तिथेच बसलेला होता, चहाचा कप गुडघ्यावर तोलून. तिने सकाळी काय केलं ते आधी सांगितलं, कारण ते पोटात ठेवून पुढचं बोलणं तिला शोभलं नसतं. बाई गंभीर झाल्या. पट्टेवाला मात्र पुढे सरकून ऐकायला लागला, त्याला बहुधा यंत्राला असं कुणी गुंडाळू शकतं याचंच नवल वाटलं. मग तिने कालची काच मागितली. पडद्यावरचं चित्र नको, तळघरातली खरी काच हवी होती. बाई म्हणाल्या की तिचा निकाल लागला आहे, सूज आहे, आणि पट्टा तुमच्या काळजीपोटीच आहे, सगळ्यांच्या चुका त्याने कमी झाल्यात. पट्टेवाल्याने आकडे सांगितले. आकडे खोटे नव्हते. तिने ते मान हलवून ऐकून घेतले, कारण चिमणीसारख्या दोन लहान मुलं घरी टाकून येणाऱ्या पोरीला दुपारी चार वाजता मावशी खरंच आधार द्यायची, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

“आकडे बरोबर आहेत तुमचे,” ती म्हणाली. “मला एवढंच सांगा, दमलेली बाई आणि विचारात पडलेली बाई, दोघींची कपाळं तुमच्या मण्यांना वेगळी दिसतात का?”

कप खाली ठेवून पट्टेवाल्याने रुंद झालेल्या कपाळावरून हात फिरवला. तसा तो सरळ माणूस होता. “फार वेगळी नाही दिसत,” तो म्हणाला. “भार तेवढा कळतो. कशाचा, ते नाही कळत.”

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं, मग फोन उचलून तळघरातून काच वर मागवली. म्हणाल्या, बघा एकदाची आणि मोकळ्या व्हा. सगळे काचांच्या लांबोळक्या खोलीत आले, तिथे कोपऱ्यात जुना सूक्ष्मदर्शक प्लास्टिकच्या टोपीखाली उभा होता, शिकाऊ मुलींना दाखवण्यापुरता. तिने टोपी काढली, धूळ पुसली. पट्टा उतरवून टेबलावर ठेवला तेव्हा कपाळावर मण्यांच्या खुणा राहिल्या, तिथली हवा गार लागली. चिमणी चिवचिवायची थांबली. काच बोटांत धरल्यावर तिला तिचं वजन जाणवलं, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, नखाएवढं. कुणाची तरी होती ती. कुठल्यातरी गावात कुणी बाई भाकर-तुकडा करत, कपडे वाळत घालत होती, आणि तिच्या अंगातला एवढासा भाग इथे काचेवर थांबला होता. तिने नळीला डोळे लावले. घोळका सापडायला वेळ लागला. मग सापडला. केंद्रकं मोठी, काळपट, कडा वेड्यावाकड्या, कालच्यासारख्याच भिववणाऱ्या. तिचा श्वास थांबला, नाम थांबलं, आणि आज तिने त्याची क्षमा मागितली नाही. ती भिंग हलवत राहिली, वर, खाली, जरा बाजूला. छातीत ठोके वाढले, मानेत कळ आली, कपाळ तापलं. हा सगळा भार तिच्यावर होता आणि तो कुणी उचलत नव्हतं. आणि त्या भाराच्या तळाशी, हळूच, डोळा अंधाराला सरावतो तसं, तिला दिसायला लागलं. पेशी भेदरलेल्या होत्या पण एका दिशेने चालल्या होत्या, एकमेकींचा हात न सोडता, चादरीसारख्या पसरत. जखम भरून येताना असं होतं. भरून येणारी जागा पहिल्यांदा बघणाऱ्याला कर्करोगाइतकीच भयंकर दिसते. सूज आणि भरून येणं. वाईट काही नव्हतं. चिमणी बरोबर होती.

तिने डोळे वर केले तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. चांगली आहे, ती म्हणाली, जखम भरते आहे. चिमणीने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, मग मी काय सांगत होते ताई, एवढा घोर लावलास जिवाला. बाईही हसल्या. सुटल्यासारख्या. म्हणाल्या, बघा, निकाल शेवटी तोच आला. मावशीने उगाच नव्हती काढून घेतली.

“निकाल तोच आला,” ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, हळू, समोरच्याला कान द्यावा लागेल असा. “पण काल तो मला दिला होता, आज मी काढला. उद्यापासून मी पट्टा लावणार नाही.”

पट्ट्याशिवाय पडदा उघडत नाही हे बाईंनी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग पडदा राहू दे, मला काचा द्या, हा सूक्ष्मदर्शक चांगला आहे, नुसता टोपी घालून बसवला होता. बाई म्हणाल्या, असं एकट्या-दुकट्याला देता येत नाही, वर विचारावं लागेल, आणि वरचे नाही म्हणाले तर तुम्हाला नोंदणीच्या खिडकीवर बसवतील, एवढ्या वर्षांचा हात वाया जाईल, तुम्हाला ते झेपेल का, विचार करा. त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती, कळवळाच होता. ती म्हणाली, विचारा बाई वर. झेपेल की नाही ते मला बघू द्या. मी इथेच बसलेली असेन. आणि ती खरोखरच कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून, सुट्टी होईपर्यंत. कुणी काच दिली नाही. आतमध्ये नामाचा नळ पुन्हा गळायला लागला, थेंब थेंब.

घरी जाताना रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. दुकानांचे दिवे लागत होते, पदपथावर कुणीतरी खोके उघडून त्यातला भुसा झटकत होतं. तिला वाटलं होतं की आपण जिंकल्यासारखं चालू, पण पाय जड होते. तुम्हाला ते झेपेल का, हा बाईंचा प्रश्न तिच्या मागोमाग येत होता, आणि त्याचा आवाज हळूहळू बदलत दादाचा झाला, फोनवरचा, आणि मग तो दादाचाही राहिला नाही. तो तिचाच झाला. कानाचं यंत्र बिघडलंय. किती मऊ अक्षरांत सांगितलं होतं तिने ते. आईला तिने तळं दाखवलं होतं, वाऱ्याचं, गवताच्या काठाचं, आणि वर म्हटलं होतं की तुझ्यासाठीच.

दार उघडलं तेव्हा आई दिवा लावून बसलेली होती. आईची प्रार्थना तिची तिनेच केलेली होती, कुठल्या पोथीतली नव्हती. आधी ती जिवंत माणसांची नावं घ्यायची, एकेकाला सुखात ठेव म्हणायची. ती पहिली रांग. मग थोडं थांबून गेलेल्यांची नावं घ्यायची, त्यांना शांत ठेव म्हणायची, ती दुसरी. दोन्ही रांगांत घोटाळा होऊ नये म्हणून मध्ये ती एक मोठा श्वास घ्यायची. लहानपणापासून ऐकलेली ही प्रार्थना मागचा महिनाभर लेक स्वयंपाकघरात जाऊन ऐकायची टाळत होती. आज ती दारातच उभी राहिली, चप्पल पायात तशीच. थोरल्याला सुखात ठेव, आई म्हणत होती, त्याच्या बायकोमुलांना सुखात ठेव, माझ्या लेकीला सुखात ठेव, धाकट्याला सुखात ठेव, त्याच्या कानांना बरं कर.

ती जाऊन आईच्या शेजारी जमिनीवर बसली. औषधांची डबी जवळ ओढून घेतली, पाण्याचा पेला भरला, आणि मग सांगितलं. मामा गेला, आई. मागच्या महिन्यात. झोपेतच गेला. आम्ही तुला सांगितलं नाही.

आई दिव्याकडेच बघत राहिली. ज्योत स्थिर होती. तिच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती आणि ती शीर बघत राहण्यापलीकडे हातात काही नव्हतं. पेला पुढे केला तो आईने हातानेच बाजूला सारला. मग आईने विचारलं की त्याच्या अंगावर पांघरूण होतं का, त्याला थंडी फार वाजायची. होतं, ती म्हणाली. आईने मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने पुसलं नाही, आणि आवाज आला तो मात्र रडका नव्हता.

“महिनाभर त्याला चुकीच्या रांगेत उभं केलंत तुम्ही,” आई म्हणाली. “आणि माझ्या तोंडून. माझं काळीज आहे ते, काचेची बरणी नाही फळीवर जपून ठेवायला. फुटलं तर माझं फुटेल.”

निळ्या रेघांचा एक शर्ट लेकीच्या डोळ्यांपुढे आला आणि गेला. आईने पदराने नाक पुसलं, पाठ ताठ केली, हात पुन्हा जोडले, आणि प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली. थोरला, त्याची बायको, मुलं, लेक. लेकीनंतर ती थांबली. मोठा श्वास घेतला, तो आत जाताना मध्येच अडखळला, आणि लेकीचा हात आपोआप पुढे गेला. आईने तिच्याकडे न बघताच मान हलवली. थांब. मला म्हणू दे. तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. आईचा श्वास पूर्ण व्हायला वेळ लागला, पण झाला, आणि दुसऱ्या रांगेत, सगळ्यांच्या शेवटी, तिने धाकट्याला उभं केलं.